हातापायांची घरगुती निगा आणि इसेन्शियल ऑइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसेन्शियल ऑइलची छोटी बाटली हातात आली की पहिला मोह होतो तो दोन थेंब तळहातावर घेऊन थेट चोळण्याचा. खालचे निम्मे प्रश्न त्या मोहातूनच आलेले आहेत. मी बरीच वर्षं हातापायांसाठी ही तेलं वापरते आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. कातडी मऊ होते ती पाणी, साधं तेल आणि रोजच्या सवयीमुळे. इसेन्शियल ऑइल त्यात सुवास आणतं, थोडा गारवा देतं आणि क्वचित बुरशीविरुद्ध हातभार लावतं. हा क्रम उलटा केला की त्रास सुरू होतो.

इसेन्शियल ऑइल हे तेलच आहे ना? मग त्यात आणखी दुसरं तेल कशाला मिसळायचं?

नावात ऑइल असलं तरी त्यात स्निग्धांश नसतो. पानं, फुलं, लाकूड किंवा मुळं यांच्यातून बहुतेक वेळा वाफेने काढलेला हा उडून जाणारा अर्क आहे. लिंबू-संत्र्यासारख्या फळांच्या बाबतीत तो साल दाबून काढतात. घरी एक साधा प्रयोग करून बघा. कागदावर एका बाजूला तिळाच्या तेलाचा थेंब टाका आणि दुसऱ्या बाजूला लॅव्हेंडरचा. तिळाच्या तेलाचा डाग तसाच राहील, लॅव्हेंडरचा काही तासांत जवळजवळ नाहीसा होईल. जे स्वतःच उडून जातं ते तुमच्या टाचेतला ओलावा धरून काय ठेवणार? ते काम साध्या तेलाचं. शिवाय हा अर्क इतका तीव्र असतो की नुसता लावला तर कातडी झोंबते, लाल होते.

बाकी अंगापेक्षा हातपायच एवढे का सुकतात?

तळहात आणि तळपायांवर तैलग्रंथीच नसतात. घामाच्या ग्रंथी मात्र दाट असतात. म्हणजे या जागांना ओलं व्हायला वेळ लागत नाही, पण तो ओलावा झाकून ठेवणारं नैसर्गिक तेल तिथे तयार होत नाही. तळपायाचा वरचा थर जाड असतो. तो सुकला की लवचीकपणा जातो, आणि चालताना अंगाचं वजन पडलं की टाचेच्या कडेला तडकतो. हातांचं दुखणं वेगळं आहे. साबण आणि भांड्यांचा द्रव दिवसातून अनेकदा लागतो आणि कातडीतला उरलासुरला स्निग्ध थर धुऊन नेतो.

हाताची मागची बाजू तर तळहाताच्या मानाने फारच पातळ. त्यामुळे टाचेला चालणारं मिश्रण तिथे चालेलच असं नाही.

नेमके किती थेंब घ्यायचे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगते.

१ मिलीलिटरमध्ये साधारण २० थेंब धरतात. ५ मिलीच्या छोट्या चमच्यात मग १०० थेंब झाले. त्या चमचाभर साध्या तेलात इसेन्शियल ऑइलचा १ थेंब टाकला की झालं १ टक्क्याचं मिश्रण. २ थेंब टाकले तर २ टक्के. तळहात-तळपायांना रोज लावायला १ ते २ टक्के भरपूर झाले. हाताच्या मागच्या बाजूला १ टक्क्याच्या वर जाऊ नका. कातडी नाजूक असेल किंवा वयामुळे पातळ झाली असेल तर अर्धा टक्का, म्हणजे १० मिलीत १ थेंब. ३० मिलीची बाटली एकदम करून ठेवायची असेल तर १ टक्क्यासाठी ६ थेंब आणि २ टक्क्यांसाठी १२.

काही तेलांना हेही प्रमाण जास्त होतं. लवंगेचं तेल अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावं, गवती चहाचं जेमतेम ०.७ टक्के. दालचिनीच्या सालीचं तेल घरी कातडीला लावूच नये असं मी सांगते. त्याची सुरक्षित मात्रा इतकी कमी आहे की घरात थेंबांनी ती मोजताच येत नाही.

सुरुवातीला मी सगळं अंदाजानेच करत असे. एका रात्री चमचाभर तेलात पेपरमिंट असंच ओतलं आणि पायाला चोळलं. पाय बर्फात ठेवल्यासारखे गार पडले, मग तोच गारवा चटक्यासारखा होत गेला, आणि मध्यरात्री उठून मी पाय धूत बसले. (त्या गारव्याचं कारण असं की पेपरमिंटमधलं मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं. कातडीचं तापमान खरं तर उतरलेलं नसतं.) तेव्हापासून थेंब मोजल्याशिवाय बाटलीचं बूच उघडत नाही.

साधं तेल कोणतं घ्यावं?

तीळ, खोबरेल, बदाम, सूर्यफूल, जोजोबा यांपैकी तुमच्या कातडीला मानवेल ते. खवट वास यायला लागलेलं तेल नको, आणि आधीच सुगंध घातलेलंही नको. नखांच्या कडांना जोजोबा छान लागतं. ते खरं तर द्रवरूप मेण आहे आणि लवकर खराब होत नाही. टाचांना मात्र नुसतं पातळ तेल पुरत नाही, त्यावर काहीतरी दाट हवंच.

पहिल्यांदा घेताना कोणती इसेन्शियल ऑइलं घ्यावीत?

दोन पुरेत, लॅव्हेंडर आणि टी ट्री (हे चहाच्या झाडाचं नव्हे, एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल). तिसरं घ्यायचं असेल तर थकलेल्या पायांसाठी पेपरमिंट घ्या किंवा आवडत असेल तर वाळा. वाळ्याचं तेल दाट असतं, थेंब सावकाश पडतो, पण त्याचा मातकट, थंडावा देणारा वास झोपण्यापूर्वी फार सुखद वाटतो. दहा-बारा बाटल्यांचा संच घेऊ नका. त्यातल्या निम्म्या बाटल्या उघडून जुन्या होतात आणि जुनं तेलच कातडीला जास्त बाधतं.

घेताना बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का ते बघा. टी ट्रीसाठी 'मेलाल्युका आल्टर्निफोलिया' लिहिलेलं हवं. नुसतं 'टी ट्री सुगंध' किंवा 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ते वासापुरतं बनवलेलं मिश्रण असू शकतं.

पाय भिजवायच्या पाण्यात थेट थेंब टाकले तर चालतात का?

नाही. पाणी आणि हे तेल एकजीव होत नाहीत. थेंब पाण्यावर तरंगत राहतात आणि पाय बुडवला की न मिसळलेला तीव्र अर्क नेमका घोट्याला किंवा बोटांच्या बेचक्यांत चिकटतो. मीठ टाकलं म्हणून तेल विरघळत नाही, आणि दूध घातल्यानेही ते नीट मिसळत नाही. हे दोन्ही उपाय सर्रास सांगितले जातात म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

पाण्यातच हवं असेल तर बिनवासाच्या द्रवरूप साबणाच्या एका चमच्यात २-३ थेंब आधी नीट घोटा आणि मग ते पाण्यात ढवळा. माझी पसंती मात्र वेगळ्या पद्धतीला आहे. पाय नुसत्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं भिजवायचे, पुसायचे आणि मग मिश्रण चोळायचं. थेंब वाया जात नाहीत आणि टबही निसरडा होत नाही. पाणी ३७ ते ४० अंश सेल्सिअस असावं, कोपर बुडवलं तर सुखद लागेल इतपत. अर्धा तास भिजवून फायदा वाढत नाही. उलट कातडी फुगते आणि नंतर जास्तच सुकते.

एप्सम सॉल्टचं काय?

ते मॅग्नेशियम सल्फेट असतं. त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून अंगात मुरतं याला भक्कम पुरावा नाही. भिजवून बरं वाटतं ते मुख्यतः कोमट पाण्यामुळे आणि दहा मिनिटं स्वस्थ बसल्यामुळे. भेगा असतील तर मीठ झोंबतं, एवढं लक्षात ठेवा.

टाचांच्या भेगा भरून येण्यासाठी नेमकं काय करू?

रात्रीची वेळ ठरवा. पाय भिजवा आणि मऊ झालेल्या कातडीवर वजरी हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. एका बसणीत सगळा निबर थर काढायचा हट्ट नको. जास्त घासलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. ब्लेड किंवा पात्याची खरवडणी तर मुळीच नको. पाय पुसून झाले की कातडीत किंचित ओल असतानाच दाट मलम लावा, वर सुती मोजे घाला आणि झोपा.

मलम घरी करता येतं. १० ग्रॅम मधमाशीचं मेण आणि ४० मिली साधं तेल एका वाटीत घ्या. ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण वितळू द्या, मग खाली उतरवा. कडेला साय धरू लागली की लॅव्हेंडरचे १० थेंब घालून ढवळा. हे झालं साधारण १ टक्क्याचं मलम. कडकडीत गरम असताना थेंब घातले तर वास वाफेबरोबर निघून जातो. ही तेलं पेट घेतात, त्यामुळे ज्योतीजवळ बाटली उघडू नका.

एक गोष्ट मनापासून सांगते. टाच फारच निबर असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं युरियाचं १० ते २५ टक्क्यांचं क्रीम माझ्या या मलमापेक्षा जास्त काम करतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैल करतो. असं क्रीम उघड्या भेगेत झोंबतं, म्हणून कडेकडेने लावा. मी आठवड्यातून काही रात्री ते लावते आणि उरलेल्या रात्री घरचं मलम. फरक दिसायला तीन-चार आठवडे द्या.

भेगेतून रक्त येत असेल, पू असेल, भोवती लाली पसरत असेल तर इसेन्शियल ऑइल पूर्ण बंद. स्वच्छ धुऊन साधी पेट्रोलियम जेली लावा, पट्टी बांधा आणि डॉक्टरांना दाखवा.

बोटांमध्ये चिखल्या झाल्या आहेत. टी ट्री ऑइलने जातील का?

चिखल्या बहुधा बुरशीमुळे होतात आणि टी ट्रीमध्ये बुरशीविरुद्ध गुण आहे, हे खरं. पण किती, ते चाचण्यांमधून कळतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १० टक्क्यांच्या टी ट्री क्रीमने खाज आणि पापुद्रे कमी झाले, तरी बुरशी मारण्यात ते औषध नसलेल्या क्रीमपेक्षा सरस ठरलं नाही. २००२ सालच्या चाचणीत २५ आणि ५० टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा, चार आठवडे लावलं गेलं. त्यात ५० टक्क्यांचं द्रावण लावणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, तर औषध नसलेलं द्रावण लावणाऱ्यांत ३१ टक्क्यांची. मात्र तेवढ्या तीव्र द्रावणाने काहींच्या कातडीला दाह झाला.

आपण घरी १-२ टक्के वापरतो, म्हणजे या आकड्यांच्या आसपासही नाही. आणि २५ टक्क्यांचं मिश्रण आधीच सोललेल्या बेचक्यांत घरच्या घरी लावायला मी कुणालाही सांगणार नाही. टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमॅझोल या बुरशीविरोधी औषधाचं क्रीम घ्या, सांगितलेले दिवस पूर्ण लावा आणि बोटांमधली जागा पुसून कोरडी ठेवा. खाज थांबली की क्रीम सोडून देणं, हेच चिखल्या पुन्हा पुन्हा येण्याचं मोठं कारण आहे.

अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालं आहे. त्यावर तेल चालेल का?

आधी ती बुरशीच आहे का हे तपासून घ्या. जुना मार आणि सोरायसिस यांनीही नख तसंच दिसतं. नखाखाली मुरलेल्या बुरशीपर्यंत तेल पोहोचणं अवघड असतं. शिवाय हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि पायाचं त्याच्या निम्म्यानेच. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. आठवडाभरात नख स्वच्छ करून देणारा कोणताही उपाय म्हणूनच खरा असू शकत नाही.

पायांना फार वास येतो. कोणतं तेल लावू?

तेल नंतर, आधी कोरडेपणा. घामाला स्वतःला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातले आणि मेलेल्या कातडीतले घटक फोडतात, त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्लासारखे पदार्थ तयार होतात आणि तो वास येतो. पाय साबणाने धुवा, बेचक्या कोरड्या करा, मोजे रोज बदला, आणि एकच बूट सलग दोन दिवस घालू नका. त्याला आतून सुकायला २४ तास मिळू द्या. मग रात्री १ टक्क्याचं टी ट्री किंवा पेपरमिंट तळव्यांना हलकं लावलंत तर बरं वाटेल. बोटांच्या मध्ये तेल भरू नका, तिथे ओल साठते. तळव्यावर बारीक खड्डे पडलेले दिसले तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, त्याला औषध लागतं.

हातांसाठी आणि नखांसाठी सोपं काय आहे?

१० मिली जोजोबात लॅव्हेंडरचे २ थेंब. रात्री प्रत्येक नखाच्या मुळाशी एक टिपका लावून बोटाने गोल चोळा, उरलेलं हातांच्या मागे पसरवा. नखाच्या मुळाजवळची कातडी कापू नका. ती दाराच्या उंबऱ्यासारखी आहे, ती गेली की आत जंतू शिरतात आणि नखुरडं होतं. भेगाळलेल्या हातांवर वर सुती हातमोजे घालता येतील. तेलकट हातांवर रबरी लॅटेक्सचे मोजे मात्र नको, तेलाने लॅटेक्स कमजोर होतं. नेलपॉलिश लावायची असेल त्या दिवशी आधी तेल लावू नका, ती धरत नाही.

काहीजण याच तेलांचं घरगुती सॅनिटायझर करतात. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं, टी ट्रीचे चार थेंब त्याची जागा घेत नाहीत. साबणाने हात धुवा.

लिंबाचं तेल हातांना उजळ करतं म्हणतात, ते लावू का?

लावून उन्हात गेलात तर उलटंच होईल. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि बर्गमॉटच्या (हेही एक लिंबूवर्गीय फळ) तेलात असे घटक असतात की ऊन लागताच कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे उरलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. हाताची मागची बाजू दिवसभर उघडी असते, त्यामुळे धोका तिलाच जास्त. उघड्या चपलेतल्या पायांनाही तोच. बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के आहे. अशी तेलं लावल्यावर निदान १२ तास ती जागा उन्हापासून झाका. संत्र्याच्या गोड तेलाला हा त्रास नाही.

नैसर्गिक आहे, मग ॲलर्जी कशी होईल?

होते, आणि एकदा झाली की बहुधा आयुष्यभर राहते. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्यातलं लिमोनीन हवेशी संयोग पावून असे पदार्थ तयार करतात जे कातडीला सहन होत नाहीत. टी ट्रीचंही तसंच. म्हणून नवं मिश्रण आधी मनगटाच्या वरच्या मऊ भागावर नाण्याएवढ्या जागेत लावा आणि ४८ तास थांबा. खाज, लाली, पुरळ काहीच नसेल तरच पुढे जा. साध्या तेलात न मिसळलेलं इसेन्शियल ऑइल लावून चाचणी कधीच करू नका.

'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गॅटफोसे यांचे हात १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजले होते आणि त्या जखमांवर त्यांनी लॅव्हेंडर वापरलं. ती गोष्ट वाचून भाजलेल्या हातावर तेल ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. भाजल्यावर २० मिनिटं गार वाहतं पाणी, बाकी काही नाही.

कुणी अजिबात वापरू नये?

मधुमेह असून पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पाय भिजवणं, वजरी आणि ही तेलं हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गरम पाणी किंवा छोटी जखम त्यांना जाणवत नाही आणि तिथून गोष्टी फार बिघडू शकतात. त्यांनी रोज तळपाय बघावेत, हवं तर आरशात. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, साधं तेलच बरं. दम्याच्या माणसाला तीव्र वासाने त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विंटरग्रीनचं तेल वर्ज्य. ते जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या कुळातलं, आणि कातडीतून आत जातं.

घरात लहान मूल आणि मांजर आहे.

बाटल्या कुलपात ठेवा. निलगिरीचं थोडंसं तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. पेपरमिंट आणि निलगिरी लावलेले हात तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नका, श्वास अडखळू शकतो. टी ट्री मांजर-कुत्र्यांना विषारी आहे, आणि मांजर तुमचे पाय चाटतं. मोजे घाला किंवा तेल जिरेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा.

बाटली किती दिवस टिकते?

लिंबूवर्गीय तेलं आणि टी ट्री उघडल्यापासून वर्ष-दोन वर्षं. चंदन, वाळा बरीच जास्त. गडद काचेची बाटली, घट्ट बूच, थंड आणि अंधारी जागा. बूच उघडल्याची तारीख चिकटवून ठेवा. वास आंबट किंवा टर्पेंटाइनसारखा झाला की कातडीला लावू नका.

चुकून डोळ्यात किंवा पोटात गेलं तर?

डोळ्यात गेलं तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, कारण उलटी होताना तेल फुप्फुसात जाऊ शकतं. लगेच दवाखाना गाठा आणि बाटली सोबत न्या. कातडीवर जास्त तीव्र लागलं असेल तर नुसतं पाणी ओतून उपयोग नाही. आधी साध्या तेलाच्या बोळ्याने ते पुसून घ्या, मग साबणाने धुवा.